विसरल्याचे प्रतिज्ञापत्र

सत्य हे तोंडपाठ असले पाहिजे, या तत्त्वावर न्यायदानाची सारी इमारत उभी आहे. कागदात बघून खोटे कुणीही बोलेल. कागदात न बघता खोटे बोलायला मात्र बुद्धी लागते, सराव लागतो, आणि एवढे कष्ट घेणाऱ्या माणसाबद्दल कोणत्याही न्यायालयाला आदर वाटणारच. म्हणून साक्षीदाराने पिंजऱ्यात उभे राहून जे सांगायचे ते डोक्यातून सांगावे, हातातल्या कागदावरून सांगू नये, असा नियम आहे. या नियमाला काही अपवाद आहेत. अपवादांचे पुस्तक नियमांच्या पुस्तकापेक्षा जाड असून ते तळमजल्यावर, जिन्याखालच्या खिडकीत, साडेदहा ते एक या वेळात पाहायला मिळते (हात न लावता).

घड्याळजींचा या पुस्तकाशी कधी संबंध येईल असे कुणाला वाटले नव्हते. त्यांचे दुकान चौकात होते. दुकान म्हणजे काय, भिंतीत बसवलेले काचेचे कपाट, आणि त्या कपाटात उजव्या डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी. अडतीस वर्षे ते तिथे बसत होते. ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे ते काम शिकले, त्याने त्यांना दोन सवयी लावल्या होत्या. पहिली, दर दहा मिनिटांनी भिंग काढून बाहेर बघायचे आणि जे दिसेल ते वहीत दोन ओळींत लिहायचे. म्हणजे डोळ्याला विसावा मिळतो आणि डोळा अजून शाबूत आहे याची खात्री पटते. दुसरी, घड्याळात नवा भाग बसवला की झिजलेला जुना भाग क्षणभरही टेबलावर ठेवायचा नाही, नाहीतर एखाद्या दिवशी नजरचुकीने तोच परत बसतो. घड्याळजींनी या दोन्ही सवयी कधी मोडल्या नाहीत. पुढे जे काही झाले ते या दोन सवयींमुळे झाले. कायद्याचा त्यात काडीचाही दोष नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

दुकानासमोर फुटपाथ आणि फुटपाथला लागून बसचा थांबा होता. वेळापत्रक जुळवण्यासाठी बस तिथे पाच मिनिटे उभी राहत असे. दुपारच्या बसचे ड्रायव्हर त्या पाच मिनिटांत खाली उतरून बसचे आरसे पुसत. त्यांना डेपोत सगळे 'आरसेवाले' म्हणत. आरशावर माशी बसली तरी त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. घड्याळजींची आणि त्यांची ओळख एवढीच, की एकाने काचेच्या आतून मान हलवायची आणि दुसऱ्याने बाहेरून फडके हलवायचे. बारा वर्षांत दोघे मिळून शंभर वाक्ये बोलले असतील नसतील, पण घड्याळजींनी मित्र म्हणून कुणाचे नाव घेतले असते तर त्यांचेच.

नऊ वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी घड्याळजींच्या वहीत पुढील मजकूर लिहिला गेला:

"४.०७. शेजारच्या चष्मेवाल्याने शटर अर्धं ओढलं. डुलकी.

४.१७. बस उभी, इंजिन बंद. ड्रायव्हर खाली. डावीकडचा आरसा पुसतोय, पिवळं फडकं. मागून निळी स्कूटर. स्कूटरवाला मान वळवून मागे कुणाशी तरी बोलतोय. धडकला.

४.२७. लेडीज घड्याळ, चावी घसरते. बाहेर गर्दी."

स्कूटरवाल्या गृहस्थांचा पाय दोन जागी मोडला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सांगितले की बस अचानक मागे आली. हे गृहस्थ एका मोठ्या साहेबांचे मेहुणे होते (या गोष्टीचा प्रकरणाशी काही संबंध नाही, असे प्रकरणाच्या कागदपत्रांत तीन ठिकाणी नमूद केले आहे). त्यामुळे आरसेवाल्यांवर, आरशात न बघता बस भरधाव मागे घेतल्याचा खटला भरला गेला. प्रत्यक्षात त्या वेळी बसचा वेग शून्य होता. शून्य हा वेग परिस्थितीला शोभणारा होता की नव्हता, हा कायद्याचा प्रश्न असल्याने त्याचा निर्णय लागायला नऊ वर्षे लागणे स्वाभाविक होते.

बसमध्ये एकतीस प्रवासी होते. सगळे खाली उतरले, सगळ्यांनी पाहिले, सगळे "अरेरे" म्हणाले. "ड्रायव्हरची बिचाऱ्याची काय चूक?" असेही निदान दहा-बारा जण म्हणाले. तेवढ्यात पुढची बस आली.

आरसेवाल्यांना गाडीवरून उतरवून डेपोच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवण्यात आले. नऊ वर्षे ते प्रवाशांनी विसरलेल्या छत्र्या, डबे आणि चष्मे सांभाळत होते. निवृत्तीला चार महिने उरले होते. डेपो मॅनेजर माणूस भला होता. निर्दोष सुटलात तर शेवटच्या दिवशी दुपारची एक फेरी तुम्हाला देतो, असे त्याने कबूल केले होते. आरसेवाल्यांना आयुष्यात आता तेवढेच हवे होते. एक फेरी, तीच बस, तोच थांबा.

घड्याळजींना साक्षीचे समन्स आल्यावर आरसेवाले दुकानाच्या काचेपाशी आले आणि म्हणाले, "तुम्हाला आठवतंय ना हो?"

"मिनिटासकट," घड्याळजी म्हणाले. "आणि लिहिलंयही."

आरसेवाल्यांनी खिशातून फडके काढून उगाच दुकानाची काच पुसली आणि निघून गेले.

आरसेवाल्यांच्या वकिलांनी वही पाहिली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "काका, हे सोनं आहे सोनं! आता एकच करायचं. पिंजऱ्यात गेलात की सांगायचं, मला काही आठवत नाही."

"पण मला आठवतंय."

"तेच तर चालत नाही. नियम दोन. ज्याला आठवतं त्याला टिपण बघता येत नाही. आणि टिपण नसलं की समोरचे वकील विचारणार, नऊ वर्षांपूर्वीचं मिनिटासकट आठवतंय का? वा! मग परवा सकाळी काय खाल्लंत ते सांगा."

"परवा सकाळी..." घड्याळजी विचारात पडले.

"बघा!" वकील म्हणाले. "आठवण म्हाताऱ्याची असते, काका. कागद कुणाचाच नसतो. कागदावर विश्वास बसतो. पण कागद बघायचा तर आधी विसरावं लागतं, आणि ते रीतसर."

रीतसर विसरण्यासाठी तळमजल्यावर वेगळी खिडकी आहे. तिथे 'न' नमुन्यातले विसरल्याचे प्रतिज्ञापत्र तीन प्रतींत मिळते. त्यात चार रकाने असतात: काय विसरलात, केव्हापासून विसरलात, आपण विसरलो आहोत हे आपल्या केव्हा लक्षात आले, आणि हे विसरणे स्वखुशीने आहे काय. शेवटी अर्जदाराला चांगले ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींच्या सह्या लागतात. हा माणूस विसरला आहे हे त्यांना पक्के आठवत असले पाहिजे.

घड्याळजींनी पहिल्या रकान्यात "अपघात" एवढेच लिहिले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला.

"असं मोघम चालत नाही हो काका. काय विसरलात ते सविस्तर लिहा. उद्या तुम्ही भलतंच काहीतरी विसरलात तर जबाबदार कोण?"

मग घड्याळजींनी सविस्तर लिहिले. "चार वाजून सतरा मिनिटांनी बस थांब्यावर उभी होती हे मी विसरलो आहे. तिचे इंजिन बंद होते हे मी विसरलो आहे. ड्रायव्हर खाली उतरून आरसा पुसत होते हे मी विसरलो आहे. स्कूटरवाल्याचे पुढे लक्ष नव्हते हे मी पूर्णपणे विसरलो आहे." कारकुनाने वाचून पाहिले, एका 'आहे'वर शिरोरेघ राहिली होती ती द्यायला लावली आणि तिन्ही प्रतींवर शिक्के मारले. "आता कसं!" तो म्हणाला. "असं विसरावं माणसाने."

या पद्धतीला नावे ठेवणारे लोक आहेत, पण आकडे वेगळेच सांगतात. गेल्या वर्षी चारशे बारा साक्षीदारांनी अशी प्रतिज्ञापत्रे दिली. सदतीस फेटाळली गेली, कारण आपण काय विसरलो ते अर्जदारांना सांगता आले नाही. एकशे नऊ जण तारखेलाच यायचे विसरले. त्यांचे विसरणे जास्त पुरावा न मागता ग्राह्य धरण्यात आले. सहा जणांचे विस्मरण त्यांच्या निधनामुळे आपोआप पूर्ण झाले. उरलेल्या सर्वांना टिपण बघण्याची परवानगी मिळाली, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी चष्मा बरोबर आणलेला होता.

प्रतिज्ञापत्रावर पहिली सही चष्मेवाल्याने केली, न वाचता. दुसरी घड्याळजींच्या बायकोने केली, तीनदा वाचून.

"अहो, पण तुम्हाला तर आठवतंय. काल झोपेतसुद्धा इंजिन बंद, इंजिन बंद म्हणत होतात."

"वकील म्हणतात विसरायचं."

"मग विसरा बाई. माझं काय जातंय? पण दूध आणायचं विसरता त्याचा कधी अर्ज केला नाहीत." तिने सही केली. सही करताना तिला बरे वाटले नाही, आणि तिने तसे बोलूनही दाखवले.

वकिलांनी जाता जाता एक सूचना केली होती, की पान न्यायाधीशसाहेबांना वाचता आले पाहिजे. वहीचे पान म्हणजे मुंगीएवढी अक्षरे, त्यावर घड्याळाच्या तेलाचे डाग, आणि समासात कुणाच्या तरी पट्ट्याचे माप. घड्याळजींचा हात आता थरथरत असे. स्क्रू बसवताना नाही, पण लिहिताना थरथरे. म्हणून त्यांनी बायकोला बसवले, मजकूर सांगितला, तिने रेघांच्या कागदावर ठसठशीत अक्षरात उतरवून घेतला. मग घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून नव्या पानाचे अक्षर न् अक्षर जुन्या पानाशी ताडून पाहिले. एक काना इकडचा तिकडे नव्हता. नवा भाग जुन्याच्या जागी बरोब्बर बसला होता. तेव्हा त्यांनी ब्लेडने वहीतले जुने पान कापले आणि झिजलेल्या भागांच्या डब्यात टाकले. डबा दर शनिवारी रिकामा होतो. त्या दिवशी शनिवारच होता.

साक्षीच्या दिवशी घड्याळजी आणि त्यांची बायको साडेदहालाच न्यायालयात हजर झाले. पहिल्या मजल्यावरचा व्हरांडा पाहण्यासारखा असतो. न्यायदालनात टिपण बघायला एवढी बंधने आहेत, पण दाराबाहेरच्या बाकावर कितीही वाचा, कुणी हटकत नाही. कारण नियमांचा अंमल उंबरठ्याच्या आतल्या बाजूने सुरू होतो. त्यामुळे व्हरांड्यात सगळे साक्षीदार कागद डोळ्यांसमोर धरून पुटपुटत असतात. कुणी डोळे मिटून म्हणून बघतो, कुणी बायकोला प्रश्न विचारायला लावतो. वार्षिक परीक्षेच्या आधी शाळेत असते तसे वातावरण असते, फक्त नापास झाल्यावर शिक्षा दुसऱ्यालाच होते. शिपायाने पुकारा केला की माणूस कागद खिशात घालतो, आत जातो आणि ताज्या आठवणीने बोलतो.

घड्याळजींनी मात्र व्हरांड्यात कागद उघडला नाही. विसरलो म्हणून शपथेवर लिहून दिले आहे, मग आता वाचणे बरे दिसणार नाही, असे त्यांना वाटले. समोरच्या बाकावर आरसेवाले बसले होते. शर्टाला कडक इस्त्री, खिशातून पिवळ्या फडक्याचे टोक बाहेर. "आज होईल," ते स्वतःशीच म्हणाले. नऊ वर्षांत प्रत्येक तारखेला ते हेच म्हणत आले होते.

पुकारा झाला. घड्याळजी पिंजऱ्यात चढले आणि सवयीप्रमाणे त्यांनी आधी बघून घेतले. कारकुनाने त्यांना शपथ दिली, ती एका पुठ्ठ्यावरून वाचून. बावीस वर्षे तो हीच तीन वाक्ये वाचत होता. सरकारी वकिलांच्या पुढ्यात वीतभर उंचीची फाईल होती आणि तिच्यात रंगीत खुणा घातल्या होत्या. आरसेवाल्यांच्या वकिलांच्या हातात प्रश्नांची यादी होती. साहेबांसमोर तर कागदांचा ढीगच होता, आणि साहेब मान खाली घालून सारखे लिहीत होते. चौकात त्या दुपारी यांच्यापैकी कुणीही नव्हते. ज्यांनी काही पाहिले नाही त्यांना कागद बघून बोलण्याची पूर्ण मुभा असते, आणि ज्याने पाहिले आहे त्याला नसते, ही व्यवस्था अत्यंत न्याय्य आहे. न पाहिलेले लक्षात कसे राहणार?

"त्या दिवशी चौकात काय घडलं, ते तुम्हाला आठवतं का?" आरसेवाल्यांच्या वकिलांनी विचारले.

अडतीस वर्षांत घड्याळजींनी बंद घड्याळाला चालू म्हटले नव्हते. त्यांनी आरसेवाल्यांकडे पाहिले, आरसेवाल्यांनी मान हलवली, काचेतून हलवायचे तशी.

"आठवत नाही," घड्याळजी म्हणाले. बोलताना त्यांना लाज वाटली.

"साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र सामील आहे, साहेब. टिपण बघण्याची परवानगी असावी."

साहेबांनी परवानगी दिली आणि रीत समजावून सांगितली. टिपण बघायचे, वाचायचे नाही. ओठ हलले की ते वाचणे झाले. नजर टाकून झाली की कागद पालथा ठेवायचा आणि मग बोलायचे. बोलताना पालथ्या कागदाकडे बघायला हरकत नाही. तत्पूर्वी टिपण समोरच्या पक्षाला दाखवायचे.

सरकारी वकिलांनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि गोड हसले.

"काका, अक्षर फार सुंदर आहे हो. तुमचं?"

"नाही. हिचं." घड्याळजींनी मागच्या बाकाकडे बोट दाखवले. बायको अर्धवट उठून उभी राहिली.

"त्या चौकात होत्या त्या वेळी?"

"नाही. ती घरी होती."

"मग हे लिहिलं कधी?"

"मागच्या शनिवारी."

"आणि तुमच्या हातचं मूळ पान?"

"टाकलं."

"टाकलं? का?"

घड्याळजींना प्रश्नच कळेना. "नवीन बसवलं ना," ते म्हणाले. "जुनं कशाला ठेवायचं?"

साहेबांचे लिहिणे थांबले. आरसेवाल्यांच्या वकिलांनी हातातली प्रश्नांची यादी हळूच पालथी ठेवली. नियम पाच अगदी स्पष्ट आहे: टिपण साक्षीदाराच्या स्वतःच्या हातचे आणि घटना ताजी असतानाच केलेले पाहिजे (ताजी म्हणजे किती ताजी, हे ठरवण्यासाठी एका समितीने चौदा बैठका घेतल्या; त्यांत काय ठरले हे कुणी लिहून ठेवले नाही). नऊ वर्षांनी बायकोने काढलेली प्रत कितीही ताजी दिसली तरी या व्याख्येत बसत नव्हती. साहेबांनी कागद परत दिला.

"साहेब," घड्याळजी एकदम म्हणाले, "कागद राहू द्या. मला पाठ आहे. बस उभी होती. इंजिन..."

"माझी हरकत आहे!" सरकारी वकील उठले. "साक्षीदार विसरलेला आहे, साहेब. रेकॉर्डवर आहे."

"मी विसरलो नाही हो! विसरायला सांगितलं म्हणून विसरलो!"

"प्रतिज्ञापत्र बघावं, साहेब. पहिला रकाना. बस उभी होती, हे साक्षीदार विसरला आहे. इंजिन बंद होतं, हेही विसरला आहे. इतकं तपशीलवार विसरलेला माणूस माझ्या वकिलीत मी पाहिला नाही."

साहेबांनी प्रतिज्ञापत्र हातात घेतले आणि पहिला रकाना सावकाश वाचला. आरसेवाल्यांच्या वकिलांना तेवढ्यात धीर आला. "साहेब, मग सगळं त्यातच आलं! काय घडलं ते पूर्ण लिहिलेलं आहे, त्यावर न्यायालयाचा शिक्का आहे."

"आहे," साहेब म्हणाले, "पण विसरलेलं म्हणून आहे." त्यांनी चष्मा काढला आणि मागच्या बाकाकडे पाहिले. "बाई, ही दुसरी सही तुमची?"

"हो, साहेब."

"तुमचे यजमान विसरतात, हे खरं?"

"विसरतात हो, साहेब. दूध विसरतात, छत्री विसरतात. सासूबाईंच्या डोळ्यांचे थेंब आणायला गेले आणि जिलेटीन कागद घेऊन आले. माझा वाढदिवस तर सलग अकरा वर्षं विसरले." तिचा आवाज चढला. "पण वहीत लिहिलेलं एक अक्षर ते कधी विसरले नाहीत. तुम्ही विचारून तर बघा! समोर उभे आहेत ते. एवढा माणूस समोर उभा आहे, आणि तुम्ही कागदाला काय विचारताय?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले, आणि 'विसरतात' या शब्दापर्यंतचे लिहून घेतले. मग त्यांनी घड्याळजींना समजावून सांगितले. शपथेवर विसरलेल्या माणसाला शपथेवर आठवू लागले, तर दोन शपथांपैकी एक खोटी ठरते. आठवायचेच असेल, तर आधी विसरणे रीतसर मागे घ्यावे लागेल. त्यासाठी 'प' नमुना, डॉक्टरांचा दाखला, आणि त्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींनी आपल्याला चुकीचे आठवत होते असे लिहून द्यायचे. त्यावर पुढची तारीख मिळेल.

"कधीची?" आरसेवाल्यांनी जागेवरूनच विचारले.

कारकुनाने कागद चाळले. "सात महिन्यांनंतरची."

आरसेवाल्यांनी बोटांवर मोजल्यासारखे केले. मोजण्यासारखे काही नव्हते. निवृत्तीला चार महिने राहिले होते. "तारीख नको, साहेब," ते म्हणाले. "आज काय ते सांगून टाका. मी खाली उभा होतो. आरसा पुसत होतो." (हे वाक्य नोंदवून घेण्यात आले. नऊ वर्षांत ते बाराव्यांदा नोंदवले जात होते. आरोपीचे म्हणणे म्हणून त्याला योग्य ते महत्त्व देण्यात येते.)

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी निकाल वाचला. पूर्ण वाचला, कागदात बघून, मधूनमधून ओठ ओले करत. घटना प्रत्यक्ष पाहिलेला एकही साक्षीदार पुढे आलेला नाही. जो आला तो प्रामाणिक असून त्याने आपल्याला काही आठवत नसल्याचे स्वच्छ कबूल केले आहे. सबब आरोपी दोषी. आरोपीचे वय आणि स्वच्छ सेवा लक्षात घेता न्यायालय उठेपर्यंतची कैद, आणि वाहन चालवण्याचा परवाना कायमचा रद्द. सगळ्यांच्या मते ही फारच सौम्य शिक्षा होती. सरकारी वकिलांनी तर आरसेवाल्यांचे अभिनंदन केले.

न्यायालय पाच वाजता उठते. तोपर्यंत आरसेवाले शेवटच्या बाकावर कैदेत बसले. त्यांच्या एका बाजूला घड्याळजी बसले, दुसऱ्या बाजूला घड्याळजींची बायको. तिघांपैकी एकालाच शिक्षा झाली होती, पण उठून जाण्याचे दुसऱ्या दोघांच्या मनातही आले नाही. बायको डोळ्यांना पदर लावून हळू रडत होती. घड्याळजींना आपण मित्राचे हातपाय स्वतःच्या हाताने बांधले असे वाटत होते. शेवटी त्यांनी खिशातून वही काढली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले (ते तीन मिनिटे मागे होते) आणि लिहायला लागले.

"काय लिहिताय?" आरसेवाल्यांनी विचारले.

"आजचं."

"कशाला आता?"

"कुणी विचारलं तर असावं."

आरसेवाल्यांनी खिशातून फडके काढले, मांडीवर पसरले, चार कोपरे जुळवून त्याची घडी घातली आणि घड्याळजींच्या हातात दिले. "तुमची काच पुसायला होईल," ते म्हणाले. "मला आता काय करायचंय?" घड्याळजींनी ते घेतले. पाच वाजले, साहेब उठले, आणि शिक्षा भोगून झाल्याबद्दल कारकुनाने आरसेवाल्यांची सही घेतली.

येथे वाचकांना वाईट वाटले असेल. वाटणारच. बस उभी होती, इंजिन बंद होते, आरसेवाल्यांची काही चूक नव्हती, हे आता वाचकांना घड्याळजींइतकेच ठाऊक झाले आहे. एका अर्थाने वाचकही या प्रकरणातले साक्षीदार झाले आहेत, आणि त्यांनी तर कुठेही विसरल्याचे लिहून दिलेले नाही. तेव्हा त्यांना चार साधे प्रश्न विचारायला हरकत नसावी. वार कोणता होता? स्कूटरचा रंग कोणता? आरसेवाले कोणत्या बाजूचा आरसा पुसत होते? बसमध्ये प्रवासी किती होते?

मागे जाऊन बघू नये. बघायचे असल्यास तळमजल्यावर 'न' नमुना मिळतो.

आठवत नसेल तर मनाला लावून घेण्याचे कारण नाही. त्या प्रवाशांनी तर सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनाही तुमच्याइतकेच वाईट वाटले होते, आणि ते खरोखरच वाटले होते. तेवढ्यात पुढची बस आली. तुमचीही येतच असेल.